विश्वस्त संस्थेची जमीन, बिल्डरचा प्रस्ताव आणि परवडणारी घरे: करारापूर्वी काय ठरवावे

आपला प्रश्न मला समजला तो असा. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आलेली सुमारे दोन एकर मोकळी जमीन एका दात्याने पूर्वी आपल्या विश्वस्त संस्थेला दान दिली. संस्था घरकामगार आणि कचरावेचक महिलांच्या कुटुंबांसाठी काम करते. संस्थेला काही वर्षे नियमित देणगी देणाऱ्या एका बांधकाम व्यावसायिकाने असा प्रस्ताव ठेवला आहे की, संपूर्ण जमिनीचा विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र त्याच्या नावे करून द्यावे. अर्ध्या जमिनीवर तो बाजारभावाने सदनिका विकेल आणि उरलेल्या अर्ध्यावर संस्थेसाठी शंभर छोटी घरे बांधून देईल. काही खर्च सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून भागेल असे त्याचे म्हणणे आहे आणि महिनाअखेरीस सामंजस्य करार व्हावा अशी त्याची इच्छा आहे. हे कायद्यात बसते का, निम्मे-निम्मे ही वाटणी योग्य आहे का आणि कुटुंबे कोणी निवडायची, असे आपण विचारले आहे.

अशा प्रकल्पांची आर्थिक आणि कायदेशीर आखणी हे माझे काम आहे. कधी मी संस्थेच्या बाजूने बसते, कधी विकसकाच्या. माझे मत सुरुवातीलाच सांगते: भागीदारी जरूर करावी, पण जमिनीवरचा हक्क आणि कुटुंबे निवडण्याचा अधिकार या दोन गोष्टी संस्थेने हातच्या जाऊ देऊ नयेत. बांधकाम, परवानग्या, मजूर, माल आणि पैशाचे वेळापत्रक विकसकाला कळते. कोणते कुटुंब किती कमावते, कोणत्या महिन्यात त्याचा हप्ता चुकू शकतो, कोणाला तळमजल्याशिवाय राहता येणार नाही, हे संस्थेला कळते. चांगल्या भागीदारीत ज्याला जे कळते त्याचा निर्णय त्याच्याकडे राहतो. सध्याच्या प्रस्तावात हे सगळे निर्णय एकाच हाती जात आहेत, आणि माझा आक्षेप एवढ्यापुरताच आहे. विकसकाच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

पुढचे उत्तर काही कागदांवर अवलंबून आहे, म्हणून ते आधी पाहावेत. न्यासपत्रातील उद्दिष्टांत गरजूंसाठी निवास किंवा गरिबांचे साहाय्य असा उल्लेख आहे का? दानपत्रात जमिनीच्या वापराबाबत अट आहे का? शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी म्हणून दिलेल्या जमिनीवर घरे बांधायची तर ती अट आधी सोडवावी लागते. सातबाऱ्यावर जमीन भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2? वर्ग 2, म्हणजे हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) हे प्रश्न येतात. विकास आराखड्यात रस्त्याचे किंवा अन्य आरक्षण पडले आहे का, जमिनीला किती रुंदीचा रस्ता मिळतो, धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या परिशिष्टावर ही मिळकत नोंदलेली आहे का? रस्त्याच्या रुंदीवर बांधकामाची उंची आणि मिळणारा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, ठरतो. त्यामुळे केवळ ‘दोन एकर’ एवढ्यावरून किती घरे होतील हे कोणालाही सांगता येणार नाही. शंभर घरांचा आकडा कोणत्या नकाशावरून आला, हे विकसकाला अवश्य विचारावे.

आता कायद्याचा भाग. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यासाठी, बक्षीस देण्यासाठी किंवा अदलाबदल करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची असली तरीही ती लागते. विकसन करारनामा आणि त्यासोबतचे कुलमुखत्यारपत्र यांतून मिळकतीतील हक्क दुसऱ्याकडे जातात, म्हणून त्यांनाही ही मंजुरी आवश्यक धरूनच चालावे. यात ‘पूर्व’ हा शब्द निर्णायक आहे. आधी करार नोंदवायचा आणि नंतर अर्ज करायचा, या मार्गावर विसंबू नये; नंतरची मंजुरी केवळ अपवादात्मक परिस्थितीतच मिळू शकते.

मंजुरी देताना हा व्यवहार का गरजेचा आहे, तो संस्थेच्या हिताचा आहे का आणि मिळणारा मोबदला रास्त आहे का, हे पाहिले जाते. म्हणून मी संस्थांना नेहमी सांगते की, एकच प्रस्ताव घेऊन जाऊ नका. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून जमिनीचे मूल्यांकन करून घ्यावे, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन प्रस्ताव मागवावेत आणि मग तुलना करून विश्वस्त मंडळाचा सकारण ठराव करावा. आपले देणगीदार विकसकही त्या प्रक्रियेत भाग घेऊ शकतात, आणि त्यांचा प्रस्ताव खरोखर चांगला असेल तर तो तुलनेत तसा दिसेलच. त्यांचे एखाद्या विश्वस्ताशी नाते किंवा व्यवसाय असेल तर त्या विश्वस्ताने चर्चेत आणि मतदानात भाग घेऊ नये आणि तशी नोंद इतिवृत्तात असावी. मोठ्या देणगीदाराला संस्थेच्या मिळकतीतून वाजवीपेक्षा अधिक लाभ झाल्यास संस्थेची प्राप्तिकरातील सवलतही अडचणीत येऊ शकते. त्यामुळे ही काळजी केवळ शिष्टाचारापुरती नाही.

निम्मे-निम्मे या वाटणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक संस्था याच ठिकाणी गोंधळतात. दोन एकर म्हणजे सुमारे 8,000 चौरस मीटर. पुण्यासारख्या दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रात 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात मूळ चटईक्षेत्र निर्देशांकाच्या 20 टक्के क्षेत्र आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या छोट्या घरांसाठी ठेवण्याचे बंधन एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, विकसक जी छोटी घरे देऊ करतो आहे त्यांतील काही त्याला स्वतःच्या खासगी जमिनीवरही बांधावीच लागली असती, म्हणून ती त्याच्या योगदानात मोजू नयेत. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. या नियमाखालील घरे म्हाडामार्फत सोडतीने दिली जातात. म्हणजे आपल्याच जमिनीवर बांधलेल्या काही घरांसाठी आपल्या कचरावेचक भगिनींना इतर अर्जदारांसोबत सोडतीत उतरावे लागेल. हे बंधन आपल्या आराखड्याला कितपत आणि कसे लागू होते, याचे लेखी मत प्रकल्पाच्या वास्तुविशारदाकडून करारापूर्वीच घ्यावे.

त्यानंतर मोजमापाचा प्रश्न येतो. अर्धी जमीन म्हणजे अर्धे बांधकाम असे गृहीत धरू नका. एकाच मंजूर आराखड्यात छोट्या घरांच्या चार मजली इमारती एका बाजूला आणि विक्रीचे उंच मनोरे दुसऱ्या बाजूला बसवता येतात, आणि प्रीमियम (जादा शुल्क) भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा हस्तांतरणीय बांधकाम हक्क) घेऊन मिळवलेला जादा निर्देशांक सगळाच विक्रीच्या बाजूला जाऊ शकतो. वाटणी जमिनीच्या क्षेत्रफळावर न ठरवता अंतिम मंजूर बांधकाम क्षेत्रावर ठरवावी, आणि भविष्यात निर्देशांक वाढला तर त्यातील संस्थेचा वाटाही करारात लिहून घ्यावा.

खरी कसोटी मात्र कुटुंबाच्या खिशाची आहे. पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. आपल्या प्रकल्पाचे आकडे आपण त्यांच्या जागी घालावेत. 30 चौरस मीटर म्हणजे साधारण 323 चौरस फूट चटईक्षेत्राचे घर बांधायला जिने, भिंती आणि मार्गिका धरून 440 चौरस फुटांच्या आसपास बांधकाम होते. चौरस फुटाला 2,300 रुपये धरले तर सुमारे 10 लाख आणि शुल्क, पाणी, वीज, मलनिस्सारण मिळून 11 लाख रुपये. यात जमिनीची किंमत शून्य धरली आहे. महिना 20,000 रुपये कमावणारे कुटुंब फार तर 5,000 रुपयांचा हप्ता भरू शकेल. 9 टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एक लाखाला सुमारे 900 रुपये हप्ता पडतो, म्हणजे या कुटुंबाला सुमारे साडेपाच लाखांचे कर्ज झेपेल. प्रधानमंत्री आवास योजनेत प्रकल्प मंजूर झाला आणि केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख मिळाले तर अडीच लाख. कुटुंबाची स्वतःची बचत एक लाख. बेरीज नऊ लाख झाली. दोन लाख कमी पडतात. शंभर घरांसाठी ही तूट दोन कोटींची आहे, आणि भागीदारीतून आपल्याला जे मिळवायचे आहे ते नेमके हे दोन कोटी आहेत.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात. जमिनीचा वाटा प्रत्येक घरावर तीन-चार लाखांनी चढला तर घर हाताबाहेर जाते. म्हणून या प्रकल्पातील सर्वांत मोठे दान आपल्या दात्याने केव्हाच देऊन ठेवले आहे आणि विकसकाचे योगदान त्याच्या तुलनेत मोजले पाहिजे. दुसरी गोष्ट व्याजदराची. घरकामगार महिलेकडे पगाराची पावती नसते, म्हणून मोठ्या बँका तिला कर्ज देत नाहीत आणि ती गृहवित्त कंपनीकडे जाते, जिथे दर 13 टक्क्यांच्या घरात असू शकतो. त्या दराने वीस वर्षांसाठी एक लाखाला सुमारे 1,170 रुपये हप्ता येतो आणि त्याच 5,000 रुपयांत केवळ सव्वाचार लाखांचे कर्ज बसते. केवळ दराच्या फरकाने प्रत्येक घरामागे सव्वा लाखाची नवी तूट तयार होते. अशा वेळी देणगीदारांनी भिंतींसाठी पैसे देण्यापेक्षा कर्जाच्या हमीसाठी ठेव ठेवली तर तिचा उपयोग कितीतरी अधिक होतो. साडेपाच कोटींच्या एकूण कर्जासाठी 10 टक्के, म्हणजे 55 लाखांची हमी ठेव कर्ज देणाऱ्यापुढे ठेवून दर कमी करण्याची बोलणी करता येतात. शिवाय हप्ते नियमित फिटले तर ती ठेव परत येते आणि पुढच्या प्रकल्पाला वापरता येते.

ही कल्पना नवी नाही. धारावीतील राजीव-इंदिरा गृहनिर्माण प्रकल्पात ‘स्पार्क’ ही स्वयंसेवी संस्था, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन यांच्या आघाडीने स्वतः विकसकाची भूमिका घेतली तेव्हा सिटी बँकेने दिलेल्या कर्जामागे ब्रिटनमधील ‘होमलेस इंटरनॅशनल’ या धर्मादाय संस्थेची हमी उभी होती. बांधकामाची कामे हाताळण्यासाठी या आघाडीने 1998 मध्ये ‘स्पार्क समुदाय निर्माण सहायक’ ही वेगळी कंपनी काढली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मूळ संस्थेचे सामाजिक काम आणि बांधकामातील आर्थिक जोखीम त्यांनी वेगवेगळी ठेवली.

सीएसआरबद्दल विकसकाने जे सांगितले ते अर्धेच बरोबर आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि झोपडपट्टी क्षेत्र विकास हा विषय त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. मात्र कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे विकसकाच्या कंपनीने स्वतःच्याच विक्री प्रकल्पात बांधलेली स्वस्त घरे हा तिचा सीएसआर होऊ शकत नाही. अन्य कंपन्यांकडून निधी आणता येईल. त्यासाठी आपल्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी हवी. अशा निधीतून उभी राहणारी स्थावर मालमत्ता कोणाच्या नावे असावी यावरही 2021 पासून बंधन आहे: ती नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे असावी लागते. म्हणून या निधीचा उपयोग पाळणाघर, समाजमंदिर, सौर यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया अशा संस्थेच्या मालकीच्या सामाईक गोष्टींसाठी करणे मला अधिक निर्धोक वाटते. परदेशी देणगी घेण्याचा विचार असेल तर विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी लागेल, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही.

विकसकाची बाजूही न्यायाने पाहायला हवी. परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांना मिळणारी प्राप्तिकरातील नफ्याची पूर्ण वजावट 31 मार्च 2022 पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांपुरती होती. महानगरांत 60 आणि अन्यत्र 90 चौरस मीटरपर्यंतच्या, 45 लाखांच्या आतील घरांवर 1 एप्रिल 2019 पासून जीएसटी 1 टक्का आहे, पण त्यात सिमेंट-लोखंडावर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही. छोट्या घरांतून त्याला फारसे सुटत नाही, म्हणून तो विक्रीच्या भागाकडे डोळे लावून बसतो, आणि त्यात गैर काही नाही. अडचण अशी की, मग गरिबांची घरे विक्रीच्या बाजारावर तरंगू लागतात. मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत हे वारंवार दिसले आहे: विक्रीची इमारत अडली की पुनर्वसनाची इमारतही अडते आणि लोक वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात.

यातून मार्ग कसा काढावा? दोन एकरांसारख्या जमिनीसाठी माझी पहिली पसंती अशी असते की, संस्थेने जमिनीची मालकी स्वतःकडे ठेवावी आणि विकसकाला ठरावीक शुल्कावर प्रकल्प उभारणीचे काम द्यावे. तो नकाशे, परवानग्या, निविदा, देखरेख सांभाळेल. त्याला त्याच्या कामाचा स्वच्छ मोबदला मिळेल आणि त्याला देणगी द्यायची असेल तर तो त्या शुल्कात सूट देऊ शकेल. पैसा कमी पडत असेल तर जमिनीचा फक्त छोटा भाग, गरजेपुरता, स्वतंत्र व्यवहाराने आणि कलम 36 च्या मंजुरीने विकावा आणि ती रक्कम घरांसाठी राखीव खात्यात ठेवावी. हे संस्थेच्या क्षमतेवर अवलंबून आहे. पूर्णवेळ अभियंता आणि हिशेबनीस नेमण्याची आपली तयारी नसेल तर हा मार्ग पेलणार नाही, आणि मग विकसन करारनाम्याकडेच वळावे लागेल.

तसे झाल्यास काही अटींवर तडजोड करू नये. संस्थेची घरे पहिल्या टप्प्यात बांधली जावीत आणि ती ताब्यात आल्याशिवाय विक्रीच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मागण्याचा अधिकार विकसकाला नसावा. कुलमुखत्यारपत्र परवानग्या आणि बांधकामापुरते असावे. संस्थेच्या वाट्याची जमीन गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात नसावा. विकसकाकडून बँक हमी घ्यावी आणि ती टप्प्याटप्प्याने सोडावी. विलंब झाल्यास करार संपवून काम दुसऱ्याला देण्याची तरतूद असावी. आणखी एक गोष्ट अनेक विश्वस्तांना ठाऊक नसते. 500 चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील किंवा आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आणि जो जमीनमालक बांधकामात किंवा विक्रीच्या रकमेत वाटा घेतो त्यालाही महारेरा प्रवर्तक मानते. म्हणजे बाहेरच्या ग्राहकाची तक्रार आपल्या विश्वस्तांपर्यंत येऊ शकते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात राहते आहे का, हे दर तिमाहीला पाहण्याचा हक्क संस्थेने करारातच घ्यावा.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर: आधी कागद आणि वास्तुविशारदाचे मत, मग खुले प्रस्ताव आणि धर्मादाय आयुक्तांची मंजुरी, वाटणी बांधकाम क्षेत्रावर, योगदान दोन लाखांच्या तुटीवर मोजायचे, आणि आधी संस्थेची घरे. आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, जो माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

कुटुंबांची निवड बांधकामानंतर करायची नसते. ती नकाशाच्या आधी सुरू व्हावी लागते. आपल्याच शहरात येरवड्यात याचा चांगला दाखला आहे. शहरी गरिबांसाठीच्या मूलभूत सेवांच्या केंद्रीय योजनेतून पुणे महापालिकेने वस्त्यांतील कच्ची घरे जागच्या जागी पक्की करण्याचे काम हाती घेतले तेव्हा महिला मिलन, मशाल यांसारख्या संघटनांनी घरोघरी पाहणी केली, कोणते घर कच्चे आणि कोणते पक्के याची नोंद वस्तीसमोर पडताळली आणि घरांचे आराखडे रहिवाशांशी बोलून ठरवले. घर साधारण 270 चौरस फुटांचे आणि लाभार्थ्याचा वाटा 10 टक्के होता. ज्यांची जागा अगदी लहान होती त्यांनी शेजाऱ्यांसोबत जागा एकत्र करून मजले वाटून घेतले. ही बोलणी कोणत्याही कंत्राटदाराच्या कार्यालयात झाली नसती. त्यासाठी वस्तीतील बायकांचा एकमेकींवरचा विश्वास लागला.

सोलापूरचे उदाहरण आकाराने प्रचंड आहे. तिथे विडी कामगार महिलांच्या संघटनेने नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची 10,000 घरकुले उभी केली. ती 2006 मध्ये कामगारांना मिळाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर हा 30,000 घरांचा प्रकल्प आला आणि त्यातील 15,000 घरांचे लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झाले. तिथे संघटना लोकांची होती, अनुदान सरकारचे होते आणि बांधकाम कंपनीकडे बांधण्याचे काम होते. सभासद आधी संघटित झाले, सहकारी संस्था आधी झाल्या, जमीन त्यांच्या बाजूने आली आणि कंत्राटदार नंतर आला. आपल्या शंभर घरांना एवढी राजकीय ताकद लागणार नाही, पण हा क्रम मात्र उचलण्याजोगा आहे.

म्हणून आजच इच्छुक कुटुंबांची बचत सुरू करावी. महिना 1,000 रुपये बँकेत स्वतःच्या नावावर नियमित ठेवणाऱ्या कुटुंबाची नोंद दोन वर्षांनी कर्ज देणाऱ्यापुढे पगाराच्या पावतीसारखी उभी राहते, आणि कोणाला हप्ता झेपणार नाही हेही वेळेत कळते. निवडीचे निकष लेखी, जाहीर आणि हरकतींसाठी खुले असावेत. निवड समितीत विकसकाचा प्रतिनिधी नको, आणि विश्वस्तांच्या ओळखीच्या नावांसाठी वेगळा दरवाजाही नको. आवास योजनेचे अनुदान घ्यायचे तर कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे आणि नवे घर कर्त्या महिलेच्या नावे किंवा संयुक्त नावे असावे, अशा अटी आहेत. गावाकडे नवऱ्याच्या नावावर घराची नोंद असल्यामुळे पात्रता जाते, हे शेवटच्या महिन्यात कळले तर त्या बाईचे काही वर्षांचे कष्ट वाया जातात. म्हणून ही छाननी सुरुवातीलाच करावी. 2015 च्या योजनेत खासगी भागीदारीतील प्रकल्पासाठी किमान 250 घरे आणि त्यांतील 35 टक्के दुर्बल घटकांसाठी अशी अट होती. योजनेचा दुसरा टप्पा 1 सप्टेंबर 2024 पासून लागू झाला आहे, तेव्हा शंभर घरांचा प्रकल्प त्यात कोणत्या घटकाखाली बसतो हे महापालिकेच्या आवास योजना कक्षातून लेखी घ्यावे. माझ्या वरच्या हिशेबातील अडीच लाख त्यावर अवलंबून आहेत.

ताबा दिल्यानंतरच्या दोन बाबी करारातच ठरवाव्यात. एक, पुनर्विक्री. पुण्यातील जमिनीचे भाव पाहता अकरा लाखांत मिळालेल्या घराला काही वर्षांत मोठी किंमत येईल, आणि मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घर विकण्याची वेळ आलेल्या कुटुंबाला दोष देता येणार नाही. संस्थेने जमीन आपल्या मालकीची ठेवून गृहनिर्माण संस्थेला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा दिला आणि विक्रीच्या वेळी घर ठरलेल्या सूत्राने परत घेण्याचा पहिला हक्क राखला, तर कुटुंबाला त्याची बचत वाढीसह मिळते आणि घर पुढच्या गरजू कुटुंबाकडे जाते. अमेरिकेतील बर्लिंग्टन शहरात 1984 पासून एक सामुदायिक भूमी न्यास याच तत्त्वावर चालतो. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर बँका कर्ज देत नाहीत ही भीती अनाठायी आहे. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनींवरील घरांना त्या कर्ज देतातच. पट्ट्याचा मसुदा मात्र कर्ज देणाऱ्याला आधी दाखवून घ्यावा.

दुसरी बाब देखभालीची. झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाला पाण्याच्या पंपाचे, जिन्यातील दिव्यांचे आणि टाकी साफ करण्याचे वेगळे पैसे द्यावे लागत नव्हते. हप्त्यावर महिना सहाशे-सातशे रुपये चढले की काही कुटुंबे मागे पडतात. म्हणून छोट्या घरांच्या इमारती शक्यतो लिफ्टची गरज पडणार नाही एवढ्या उंचीच्या ठेवाव्यात, आणि विकसकाकडून प्रत्येक घरामागे ठरावीक रक्कम देखभाल निधीत घेऊन तिच्या व्याजातून सामाईक खर्चाचा भार हलका करावा. बांधकामातील दोषांची जबाबदारी रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षे प्रवर्तकाची असते. ती संस्थेच्या वाट्याच्या घरांनाही तशीच लागू राहील, हे करारात स्पष्ट लिहावे, कारण ‘ही घरे तर आम्ही मोफत बांधून दिली’ असे उत्तर पहिल्या पावसाळ्यातील गळतीनंतर ऐकावे लागू शकते.

महिनाअखेरीच्या सामंजस्य कराराबद्दल माझा सल्ला असा आहे की, विकसकाला दुखावण्याची गरज नाही, पण विकसन करारनामा किंवा कुलमुखत्यारपत्र यांपैकी कशावरही आता सही करू नये आणि कोणतीही अनामत रक्कम स्वीकारू नये. त्याऐवजी बंधनकारक नसलेले हेतुपत्र द्यावे: दोन्ही बाजू मिळून प्राथमिक आराखडा आणि आर्थिक अहवाल तयार करतील, अहवालाचा खर्च कोण करेल, अहवालाची मालकी संस्थेची राहील, आणि पुढील प्रत्येक पाऊल खुल्या प्रस्तावांच्या व धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीच्या अधीन असेल, एवढेच त्यात लिहावे. जो विकसक खरोखर या कामासाठी आला आहे त्याला हे पत्र पुरेसे वाटेल. दानपत्रातील वापराची अट, सातबाऱ्यावरील भोगवटादार वर्ग आणि लगतच्या रस्त्याची रुंदी एवढी माहिती आपण इथे दिलीत, तर किती घरे बसतील आणि तूट किती येईल याचा अधिक नेमका हिशेब मी मांडून देईन.